साइट शिकवते की नुसती दाखवते?

सुट्ट्या लागल्या, किंवा शाळेने "घरी ऑनलाइन सराव करून घ्या" असं कळवलं, की फोनवर याद्या फिरायला लागतात. 'मुलांसाठी शंभर उपयुक्त शैक्षणिक संकेतस्थळं'. पालक ती यादी जपून ठेवतात, शिक्षक ती गटावर टाकतात, आणि शंभरातली पाचही कुणी धड उघडून पाहत नाही. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. विद्यापीठाने वर्षानुवर्षं तपासून घडवलेलं साधन आणि जाहिरातींच्या गर्दीत चार प्रश्नमंजूषा टाकून उभी केलेली साइट अशा यादीत शेजारीशेजारी बसलेली असतात. कुणाच्या मुलाला कशाची गरज आहे, हे यादीला ठाऊक नसतं.

म्हणून इथे शंभर नावं नाहीत. काही नावं येतील, पण ती निवडताना कोणतं माप लावायचं ते जास्त महत्त्वाचं. माझं माप एकच आहे: साइट काय दाखवते ते बाजूला ठेवा, ती शिकणाऱ्याकडून काय करवून घेते ते पाहा.

आधी कामं वेगळी करू

'शैक्षणिक साइट' या एका नावाखाली निरनिराळी कामं चालतात. काही साइट भांडारं असतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये स्वामित्वहक्क संपलेली सत्तर हजारांहून अधिक पुस्तकं मोफत वाचता येतात. मायकेल हार्टने १९७१ मध्ये, म्हणजे वेब जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, हे काम सुरू केलं. विकिपीडिया हेही भांडारच, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य जगासाठी खुलं केलेलं ओपनकोर्सवेअरही. काही साइट साधनं असतात: त्यांवर आलेख काढता येतो, विद्युतमंडल (सर्किट) जोडता येतं, प्रोग्रॅम लिहिता येतो. काही साइट सराव करून घेतात, म्हणजे प्रश्न विचारतात, चूक झाली की थांबवतात, पुन्हा करायला लावतात.

बरेचसे वाद एकाचं काम दुसऱ्यावर लादल्यामुळे होतात. "त्याला विकिपीडिया दाखवला, तरी गणित जमत नाही" ही तक्रार ग्रंथालयावर ढकलण्यात अर्थ नाही.

"व्हिडिओ पाहिला, सगळं समजलं"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं, कारण ते बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच समजल्यासारखं वाटत असतं.

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये काही मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केले. मांडलेल्या भांड्यांखालून टेबलावरचं कापड झटक्यात ओढून काढायचं, मायकेल जॅक्सनसारखं मूनवॉक करायचं, डार्ट नेमका मारायचा, अशा कसरतींचे व्हिडिओ लोकांना दाखवले: काहींना एकदा, काहींना वीसवीस वेळा. पुन्हापुन्हा पाहणाऱ्यांचा "आपल्यालाही जमेल" हा आत्मविश्वास वाढला. ज्या कृती प्रत्यक्ष करून घेतल्या, त्यांत मात्र हे लोक एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. दुसऱ्याच्या जोरबैठका कितीही निरखून पाहिल्या तरी आपले दंड भरत नाहीत, तसाच हा मामला.

पदार्थविज्ञानाच्या बाबतीत डेरेक मुलरने सिडनी विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीत याच्याही पुढची गोष्ट दाखवली. (पुढे 'व्हेरिटासियम' हे यूट्यूब चॅनेल काढणारा तो हाच.) विद्यार्थ्यांना एक व्हिडिओ दाखवला, त्यात संकल्पना सरळ, स्वच्छ मांडलेली होती. विद्यार्थी म्हणाले, सोपा होता, स्पष्ट होता. चाचणीत फारशी प्रगती दिसली नाही. दुसऱ्या व्हिडिओत लोकांचे नेहमीचे गैरसमज आधी बोलून दाखवले होते आणि मग खोडले होते. तो विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण गुण वाढले ते तो पाहणाऱ्यांचे. म्हणजे मुलाला साइट 'आवडली', 'सोपी वाटली' ही शिफारस फारच कच्ची आहे. शिकताना कपाळावर थोडी आठी पडायलाच हवी.

वाचनाचीही तीच गत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने कमी वाचला, पण न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

साइट पारखायची ती हे लक्षात ठेवून. उघडल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत मुलाने किती वेळा काहीतरी ठरवलं, अंदाज बांधला, आठवलं, चूक केली? फक्त 'पुढे' हे बटण दाबलं असेल, तर चित्रं कितीही देखणी असोत, तो सिनेमा आहे.

करवून घेणाऱ्या साइट

या मापात माझ्या मते सर्वांत वर बसते ती फेट. कार्ल वीमन यांना २००१ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. यावर सिम्युलेशन आहेत. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरचा असा प्रयोग, ज्यातल्या गोष्टी आपण हलवू, बदलू शकतो आणि परिणाम नियमानुसारच होतो. विद्युतमंडलाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली तर ज्वाळा उठतात. मुलं हे आवर्जून पुन्हापुन्हा करतात. करू द्यावं. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे त्यांना व्याख्येविना कळलेलं असतं.

"पण खऱ्या प्रयोगशाळेची सर याला येईल का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. २००५ मध्ये याच गटाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, सिम्युलेशनवर मंडलं जोडलेल्यांनी खरे दिवे-तारा हाताळलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत चांगली कामगिरी केली. इतकंच नाही, खरं मंडल जोडून दाखवण्यातही ते पुढे होते. कारण उघड आहे: खऱ्या तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, पडद्यावर दिसतात. यावरून प्रयोगशाळेला कुलूप लावायचं नाही. गंध, उष्णता, बिघडलेलं उपकरण हाताळणं हे पडदा शिकवत नाही. पण जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे मुलांचं सगळंच बुडालं असं मानायचंही कारण नाही. वर्गात वापरताना फेटचेच लोक एक साधी सूचना करतात: सुरुवातीची पाचदहा मिनिटं काहीही न सांगता मुलांना खेळू द्या. शिक्षकाला गप्प बसणं जड जातं, हे खरं.

भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. पुस्तकातला स्थिर त्रिकोण हे दाखवू शकत नाही. पण इथे एक पथ्य आहे. शिक्षकाने ओढून दाखवलं तर तो व्हिडिओच झाला. बिंदू मुलाच्या बोटाखाली हवा.

स्क्रॅच ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये खुली केलेली साइट प्रामुख्याने आठ ते सोळा वयाच्या मुलांसाठी आहे. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून गोष्टी, खेळ, ॲनिमेशन तयार करायचं. तिथली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे दुसऱ्याने केलेला खेळ 'आतून' उघडून पाहता येतो, आणि त्यात बदल करून आपला नवा करता येतो. खेळ बंद पडतो, मूल चिडतं, ठोकळे एकेक करून तपासतं. शिकणं घडतं ते तिथे. तयार सूचना वाचून पाच पायऱ्यांत मांजर नाचवलं, तर हाती फारसं लागत नाही.

केंब्रिज विद्यापीठाच्या एनरिचवर गणिताची कोडी आहेत. सुरुवात कुणालाही करता येईल अशी, आणि खोली मात्र हुशारातल्या हुशार मुलालाही पुरून उरेल अशी. निरनिराळ्या शाळांतल्या मुलांनी पाठवलेली उत्तरं तिथे प्रसिद्ध होतात. एकाच कोड्याला दोन मुलांनी वेगळ्या वाटेने हात घातलेला पाहणं हा शिक्षकांसाठीही धडा असतो.

आणि खान अकॅडमी? सल खान यांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या नादिया या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला घेतलं, तिथून हे सुरू झालं. २००८ मध्ये संस्था झाली. लोकांना तिचे व्हिडिओ माहीत आहेत. मला तिचा सराव जास्त कामाचा वाटतो. एक कौशल्य पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाण्याची जी पद्धत बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडली, तिच्यावर तो बेतलेला आहे. सातवीतल्या मुलाला समीकरणं जमत नसतील, तर त्याचा अपूर्णांकांचा पाया कच्चा असण्याची शक्यता बरीच असते. वर्गात सातवीच्या मुलाने चौथीचं पुस्तक उघडणं लाजिरवाणं वाटतं, पडद्यावर कुणी पाहत नाही. व्हिडिओ अडल्यावर पाहायचा, सुरुवात प्रश्नापासून करायची, असा उलटा क्रम लावून पाहा.

फुकट आहे, मग पैसे कोण देतं?

साइट चालवायला पैसा लागतोच. विकिपीडिया आणि खान अकॅडमी मुख्यतः देणग्यांवर चालतात, फेट आणि एनरिचमागे विद्यापीठं आहेत, काही साइट सरकारं चालवतात. उरलेल्या 'मोफत' साइटपैकी बऱ्याच दोन मार्गांनी वसुली करतात: जाहिराती दाखवून, किंवा वापरणाऱ्याची माहिती गोळा करून. पडद्याआड बसून कोण, कुठून, काय, किती वेळ पाहतंय हे टिपून तिसऱ्याच कंपनीला कळवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ट्रॅकर म्हणतात.

"आमच्या मुलाच्या गणिताच्या गुणांत कुणाला रस असणार?" असं वाटतं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. करोनाकाळात ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेली १६० हून अधिक शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तिने पाहिली. त्यांतली जवळपास ८९ टक्के मुलांच्या हक्कांना धोका पोहोचेल किंवा ते डावलले जातील अशा रीतीने माहिती हाताळत होती, आणि ज्यांच्याकडे ती माहिती जात होती त्यांत जाहिरात क्षेत्रातल्या कंपन्या मोठ्या संख्येने होत्या. हा झाला सरकारी शिफारस असलेल्यांचा हिशेब. यादीतून फिरणाऱ्या अनोळखी साइटबद्दल वेगळं सांगायला नको.

घाबरून सगळं बंद करण्याची गरज नाही. नोंदणी न करता वापरता येते का, हे आधी पाहावं. फेट आणि जिओजेब्रा तशी वापरता येतात. नोंदणी लागलीच तर मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि फोटो देऊ नये. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याआधी पालकांची संमती लागते, म्हणून अनेक साइट जन्मतारीख विचारतात. तिथे खोटं वर्ष टाकून मुलाला मोठं केलं, की त्याच्यासाठी असलेलं संरक्षण आपणच काढून घेतलं.

लिहिलेलं खरं कशावरून?

शाळांत अजूनही शिकवलं जातं की पत्त्याच्या शेवटी 'डॉट ऑर्ग' असेल तर साइट विश्वासाची. हे विसरून जावं. डॉट ऑर्ग कुणालाही विकत मिळतं.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे पीएचडीधारक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी साइट पारखायला दिल्या. विद्वान आणि विद्यार्थी त्याच पानावर वरखाली वाचत बसले. बोधचिन्ह, पत्ता, भाषेचा रुबाब यांना फसले. तपासनिसांनी काही क्षणांतच ते पान सोडलं, शेजारी नवे टॅब उघडले आणि या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. ते लवकर आणि बरोबर उत्तराला पोहोचले. बाहेर जाऊन चौकशी करण्याची ही रीत दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. नवी साइट सुचवणाऱ्या शिक्षकानेही ती एकदा पाळावी: साइटचं नाव शोधायचं, मागे कोण आहे ते पाहायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

"विकिपीडिया तर कुणीही बदलू शकतो" हा आक्षेप इथे हटकून येतो. बदलू शकतो, आणि म्हणूनच प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे कुणालाही पाहता येतो. 'नेचर' या नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. सरासरीने विकिपीडियाच्या नोंदीत चार चुका सापडल्या, ब्रिटानिका या जुन्या विश्वकोशाच्या नोंदीत तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडाडून आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. शिवाय सगळ्या भाषांतले विकिपीडिया आणि सगळे लेख सारख्या दर्जाचे नसतात. विकिपीडियावरून सुरुवात करावी, तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जावं, आणि प्रकल्पवहीत उतरवायचं ते तिथून.

शिक्षकांनो, 'मोफत' म्हणजे 'मुक्त' नव्हे

एखादी कार्यपत्रिका आवडली, छापली, वर्गात वाटली, चार ओळी बदलून दुसऱ्या शाळेला दिली. परवानगी होती का? मोफत वाचता येणं वेगळं, आणि उतरवून, बदलून, पुन्हा वाटता येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या साहित्याला मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात. त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. परवान्याच्या अक्षरांत 'बीवाय' असेल तर मूळ कर्त्याचं नाव द्यायचं. 'एसए' असेल तर आपलं बदललेलं साहित्यही त्याच अटीवर खुलं ठेवायचं. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको, 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका. भाषांतर हाही बदलच, तेव्हा 'एनडी' दिसलं की मराठीत आणून वाटायचा बेत रद्द.

राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची कॉलेजची पाठ्यपुस्तकं आणि प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या मुलांच्या गोष्टी अशा परवान्याखाली मिळतात. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी भरपूर आहेत, आणि दुसऱ्या भाषेतली गोष्ट उघडून तिथेच मराठीत आणताही येते. वर्गाने मिळून एखाद्या गोष्टीचं भाषांतर करणं हा भाषेचा इतका चांगला तास होऊ शकतो, की त्यापुढे रिकाम्या जागा भरणं फिकं वाटेल.

"एआयला विचारलं की झालं, साइट कशाला?"

तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आले. गणिताचा सराव करताना एका गटाला जीपीटी-४ हा चॅटबॉट हवा तसा वापरू दिला. सरावातले त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा हे १७ टक्क्यांनी मागे पडले. आणखी एका गटाच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेले इशारे द्यायला सांगितलं होतं. त्या गटाचं परीक्षेत असं नुकसान झालं नाही. जोर मुलाने काढायचे की चॅटबॉटने, एवढाच प्रश्न आहे. उत्तर मागण्याऐवजी "मला पाच प्रश्न विचार, चुकलो तर इशारा दे" असं सांगितलं, तर तोच चॅटबॉट बरा सराव घेतो. तरी तो ठामपणे चुकीचंही बोलतो, म्हणून नव्या विषयाची ओळख त्याच्याकडून करून घेऊ नये.

घरच्यांनी काय करायचं?

विषय शिकवायची गरज नाही. एका वेळी एकच साइट ठेवावी आणि मुलाला शेवटी पडदा बंद करून "काय केलंस ते सांग" म्हणावं. आपल्याला तो विषय येत नसेल तर उत्तमच. समजावून सांगण्यात मुलाची खरी कसोटी लागते. अगदी लहान मुलांना मात्र साइटपेक्षा शेजारी बसून गोष्ट वाचणारं माणूस जास्त शिकवतं.

मोठ्या मुलांसोबत घरच्यांनाही सामील होता येईल अशी एक जागा म्हणजे झूनिव्हर्स. तिथे शास्त्रज्ञांना खऱ्याखुऱ्या छायाचित्रांची वर्गवारी करायला माणसं हवी असतात. या कामाची सुरुवात २००७ मध्ये गॅलक्सी झू या प्रकल्पाने झाली, आणि त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळाशिक्षिकेला दीर्घिकांची चित्रं चाळताना एक विचित्र, चमकता ढग दिसला. त्याबद्दल तिने विचारलं, तेव्हा तज्ज्ञांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. पुढे हबल दुर्बिणीने त्याचं छायाचित्र घेतलं आणि आज तो ढग तिच्या नावाने ओळखला जातो.

इंग्रजी आणि इंटरनेट, दोन्हींचा प्रश्न

चांगल्या साइट इंग्रजीत आहेत ही तक्रार खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. फेटची अनेक सिम्युलेशन मराठीत मिळतात, आणि जिथे हाताने करायचं असतं तिथे भाषा कमीच लागते. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. वरच्या वर्गांचं साहित्य मात्र मराठीत तुटपुंजं आहे. तिथे शिक्षकाला दुभाष्या व्हावंच लागतं.

इंटरनेट धड चालत नसेल तर 'ऑफलाइन', म्हणजे एकदा उतरवून नंतर जोडणीविना वापरता येणारं, साहित्य शोधावं. फेटची सिम्युलेशन उतरवून ठेवता येतात. कोलिब्री हा मोफत प्रोग्रॅम एका संगणकावर धडे आणि सराव साठवतो आणि वर्गातल्या इतर उपकरणांना ते इंटरनेटविना पुरवतो. किविक्सने अख्खा विकिपीडिया उतरवता येतो. इंग्रजीची सचित्र प्रत फार मोठी आहे, मराठीची साध्या फोनमध्येही मावते.